कर्ज आणि धीर

कर्ज फेडणाऱ्याचा धीर कशानें खचतो? मिळकत थोडी म्हणून, असें आपण म्हणतों. पण आम्हांस कारण निराळें दिसतें. कर्जत व खालापूर ह्या तालुक्यांतील पुष्कळ कातकरी कुटुंबें पावसाळ्यांत उचल घेतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन ती फेडतात. मजुरी हजार विटांमागें ठरते, आठवड्याची खर्ची तींतून वळती होते, आणि हिशेब मात्र पावसाच्या तोंडाशीं, तोहि बहुधा मालकाच्या वहींतून. सहा-सात महिने जो आंकडा डोळ्यांस दिसला नाहीं, तो उतरत आहे ह्या भरंवशावर माती तुडवावी तरी कशी?

यास्तव, प्रिय वाचकहो, विटा व खर्ची दर आठवड्यास आपल्याच वहींत मांडा. लिहितां येत नसेल तर भिंतीवर रेघा ओढा.

कोणी विचारील, घेतलेलें सर्वच फेडावें काय? मजुरास दुसरीकडे जाऊं न देणारें, बापाचें मुलाच्या माथीं बसणारें वेठीचें कर्ज १९७६ च्या कायद्यानें रद्द झालें आहे. तें फेडीत राहण्यास आम्ही प्रामाणिकपणा म्हणत नाहीं. बाकीचें, थोडथोडें कां होईना, फेडावें, आणि फिटल्यावर नवी उचल मागूं नये. हेंच सर्वांत कठीण. कारण हिशेब पुरा होतो त्याच सुमारास पाऊस लागतो, आणि चूल तर पेटलीच पाहिजे.