आकाशांतील डोळ्याचें मोल

किंमत आणि मोल हे शब्द आपण व्यवहारांत एकाच अर्थानें वापरतों; परंतु त्यांत भेद आहे. किंमत विकत घेणारा देतो. मोल पुष्कळदां तिसऱ्यासच द्यावें लागतें. पुण्यांतील एखादा व्यावसायिक छायाचित्रकार कॅमेऱ्याचा ड्रोन निवडावयास निघतो, तेव्हां हा भेद त्यानें ध्यानांत घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

त्याच्या वहींत यंत्र, जादा बॅटऱ्या, विमा आणि चालकाच्या प्रमाणपत्रासाठीं घ्यावयाचें शिक्षण एवढा खर्च येतो. २५० ग्रॅमपेक्षां जड यंत्र व्यवसायासाठीं उडविणाऱ्यास २०२१ च्या ड्रोन नियमांनीं हें प्रमाणपत्र आवश्यक केलें आहे. शिवाय लोहगांवच्या विमानतळामुळें शहराच्या मोठ्या भागावर परवानगीवांचून उड्डाण करतां येत नाहीं. हें सारें मोजतां येतें.

परंतु पुण्याचे जुने वाडे पाहावे. रस्त्याच्या बाजूस जाड भिंत व भक्कम दरवाजा. आंत चौक, वरून उघडा. तेथें बायका केस वाळवीत, मुलें न्हात, आजारी माणसें उन्हास बसत. चारी बाजू बंद करून आकाश मोकळें ठेवणाऱ्या गवंड्याचा विश्वास होता, कीं वरून पाहील तो पक्षी किंवा परमेश्वर. आजच्या गच्च्यांनीं तोच विश्वास वारशानें घेतला आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला खरा. पण उंची आणि वजन यांचे सर्व नियम पाळूनही एखाद्याचा संकोच मोडतां येतो.

मग वरून पाहणेंच वर्ज्य मानावें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. पुरंदर तालुक्यांतील सोनोरी गांवीं ड्रोननें गावठाणाची मोजणी झाली, तिचा हेतु घरमालकांस आपल्या घराचा अधिकृत कागद मिळावा हा होता. तेथें जो पाहिला गेला तोच लाभाचा धनी ठरला. लग्नमांडवावरील ड्रोनची गोष्ट निराळी. यजमानाची संमति असते. शेजारच्या गच्चीवरील वृद्धेस कोणी विचारलेलें नसतें.

तेव्हां निवड करणाऱ्यानें कॅमेऱ्याची शक्ति पाहतांना आणखी एक गोष्ट पाहावी: भिंग जितकें तीक्ष्ण, तितकें शेजाऱ्याचें ऋण मोठें. तें फेडण्याचा मार्ग महाग नाहीं. उड्डाणापूर्वी शेजारीं वर्दी द्यावी, नको तें चित्र पुसून टाकावें, आणि कांहीं प्रसंगीं यंत्र पेटींतच ठेवावें. ज्यास एवढें जड वाटतें, त्यास तें यंत्र कोणत्याही किंमतीस महागच पडलें, असें आम्ही समजतों.