तांब्यावरचे चेहरे

तांब्याच्या पत्र्याला राखाडी छटा ठाऊक नसते. खाच पडते किंवा पडत नाही. खाचेत शाई बसते, उरलेला पत्रा पुसून लख्ख होतो आणि दाबयंत्राखाली ओलसर कागद ती शाई उचलतो. गालाचा उतार, डोळ्यातला ओलावा, सारे एवढ्यातूनच उभे करायचे. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये उत्कीर्णनाची ही कला ज्या उंचीला पोहोचली, ती मला निव्वळ हातोटीची उंची वाटत नाही. चेहरा कसा पाहावा, याचा तो विचार होता.

ब्युरिन हे पोलादी हत्यार तळहाताच्या जोराने पुढे रेटतात. वळण हवे असले की हात स्थिर ठेवून कातडी उशीवरचा पत्राच फिरवतात. जोर वाढला की रेघ जाड होते, ओसरला की केसासारखी बारीक. चुकलेली रेघ सहज पुसता येत नाही. ती खरवडायची, मग मागून ठोकून पत्रा सपाट करायचा. म्हणून प्रत्येक रेघेआधी निर्णय झालेला असावा लागतो.

क्लोद मेलाँने 1649 मध्ये ख्रिस्ताचा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून निघालेल्या एकाच चक्राकार रेघेत कोरला. छायाप्रकाश सगळा रेघेच्या जाडीतून येतो. तो पाहताना मी थक्क होतो, पण माझे लक्ष रेघेवरच खिळते. रोबेर नांतय याचे तसे नाही. रॅम्सचा हा माणूस बऱ्याचदा व्यक्तीला समोर बसवून आधी रेखाटन करी, मग कोरी. कातडीसाठी तुटक रेघा नि बारीक ठिपके, केसांसाठी लांब वाहत्या रेघा. त्याचा चौदावा लुई, त्याचा कार्डिनल माझारँ पाहताना आधी माणूस दिसतो. तांबे नंतर आठवते.

1660 मध्ये सँ-झाँ-द-ल्यूझच्या राजाज्ञेने उत्कीर्णनाला कारागिरांच्या संघांच्या बंधनांतून सोडवून मुक्त कलेचा दर्जा दिला. नांतय तेव्हा राजाचा चित्रकार-उत्कीर्णक होता. कलेचा हा दर्जा मला योग्यच वाटतो. समोरच्या जिवंत चेहऱ्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे हत्यार सांगत नाही.

पुढे हीच हातोटी वेगळ्या वाटेने गेली. प्येर-अँबेर द्रेव्हेने 1723 मध्ये चित्रकार रिगोच्या चित्रावरून बिशप बोस्युएचे व्यक्तिचित्र कोरले. लेस, रेशीम, केसाळ अस्तर, प्रत्येकाचा पोत काळ्या शाईत वेगळा ओळखू येतो. इतके बारीक काम क्वचितच कुणाला साधले असेल. तरीही माझी नजर आधी लेसवर जाते, मग अस्तरावर. बोस्युएच्या डोळ्यांपर्यंत पोहोचायला तिला वेळ लागतो.