प्रयोगशाळेतील बीज आणि धम्माची कसोटी




त्वचेच्या पेशीपासून प्रयोगशाळेत स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार करण्याचे संशोधन सध्या जोरात सुरू आहे. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील पेशी पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेल्या. २०१६ मध्ये कात्सुहिको हायाशी यांच्या गटाने अशा मूलपेशींपासून स्त्रीबीजे घडवली आणि त्यांतून पिल्ले जन्मली. २०२३ मध्ये तर नर उंदराच्या पेशींपासून स्त्रीबीजे बनली. मात्र ६३० भ्रूणांतून ७ पिल्ले जन्माला आली. माणसात या मार्गाने अजून मूल जन्मलेले नाही. इथे ब्रिटनमध्ये अशी बीजे उपचारात वापरायला कायद्याने परवानगी नाही.

‘ही देवाच्या कामात ढवळाढवळ आहे,’ असे कोणी म्हणेल. तो आक्षेप आपला नाही. आपण निर्मात्या ईश्वराला मानत नाही. कारणे बदलली की कार्य बदलते, हा प्रतीत्यसमुत्पाद पेशीलाही लागू आहे. आपली कसोटी वेगळी आहे: या कर्मामागे करुणा आहे की तृष्णा?

कर्करोगाच्या उपचारात बीजे गमावलेल्या तरुणीला उद्या यातून आधार मिळाला, तर ती करुणाच. पण घाई नको. आम्ही आयटीवाले साधे सॉफ्टवेअरही चाचणीशिवाय लोकांच्या हाती देत नाही. इथे तर जन्माला येणाऱ्या बाळाचा प्रश्न आहे, आणि त्याची संमती कोणी घेऊ शकत नाही.

आणि तृष्णा? बीजे हवी तितकी मिळू लागली, तर भ्रूणांची निवड करता येईल. मग मुलगाच हवा, गोराच हवा, हे सुरू होईल. बाबासाहेबांनी जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे नाकारले. आपण प्रयोगशाळेतून तेच घरात आणायचे का?

किसा गोतमीची मोहरीची गोष्ट आपण सगळे सांगतो. पण परंपरा असेही सांगते की मूल होईपर्यंत सासरी तिची अवहेलना होत असे. मुलगा झाला तेव्हाच तिला मान मिळाला. ते मूल गेल्यावर ती एवढी का कोसळली, हे त्यावरून कळते. आजही विहारातल्या कार्यक्रमात ‘गुड न्यूज कधी?’ असे विचारताना आपण कोणाची तरी तीच जखम उघडत असतो.

म्हणून तीन गोष्टी पाळू या. हा प्रश्न कोणालाही विचारायचा नाही. तपासणीची वेळ आली तर पतीने आधी स्वतःची करून घ्यावी. पत्नीचा सन्मान हे सिगालोवाद सुत्तात पतीचे कर्तव्यच सांगितले आहे. आणि दत्तक मुलाला ‘रक्ताचे नाही’ असे कधी म्हणायचे नाही.

विज्ञानाला वेळ लागेल. सम्यक वाणीला लागत नाही. ती आजच्या फोनपासून सुरू करता येते.

भवतु सब्ब मंगलं!