पन्नास टक्के माणूस

एका संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवण्याची सोय आली, ती यंत्राचा फुकट जाणारा वेळ वाचवण्यासाठी. एक प्रोग्राम डिस्कची वाट पाहतोय, तोवर प्रोसेसर दुसऱ्याला द्यायचा. पण प्रोग्राम वाढत गेले की एका टप्प्यावर यंत्र अचानक रखडायचं. १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी याचं कारण उलगडून दाखवलं. प्रत्येक प्रोग्रामला त्या घडीला लागणारा कोड-डेटा मेमरीत मावत नव्हता. एकाचा आत आणायला दुसऱ्याचा बाहेर काढायचा, लगेच दुसऱ्याची पाळी आली की पुन्हा तेच. सगळा वेळ ने-आणीतच सरायचा. याला थ्रॅशिंग म्हणतात. मेमरीत ज्यांचं त्या घडीला लागणारं सगळं मावेल तेवढेच प्रोग्राम आत घ्या, बाकीचे थांबवा, हा डेनिंग यांचा उपाय.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला हे शिकलेली मुलं पुण्याजवळ हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत नोकरीला लागतात आणि त्यांचं अलोकेशन ठरतं: पन्नास टक्के या प्रोजेक्टवर, पन्नास टक्के त्या. वर प्रॉडक्शनची तिकिटं आणि संध्याकाळी अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल. सॉफ्टवेअरवर लिहिणारे जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९९२ सालीच अनुभवावरून अंदाज मांडला होता, की दोन प्रोजेक्ट दिले तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस टक्के येतात. वीस टक्के अदलाबदलीत जातात.

ते कुठे जातात हे बग शोधणाऱ्याला ठाऊक असतं. ही व्हॅल्यू कुठून रिकामी आली, कोणत्या थ्रेडने लॉक धरून ठेवलंय, ही दुसरी फाइल बदलली तर तिसरीकडे काय तुटेल, हे सगळं एकदम मनात धरावं लागतं. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या मते आपण एका वेळी जेमतेम चार गोष्टी अशा धरू शकतो. तेवढ्यात ‘दोनच मिनिटं’ म्हणत कुणी येतं आणि ती रचना कोसळते. कोड स्क्रीनवर तसाच असतो. त्याचा अर्थ पुन्हा लावावा लागतो. शिवाय संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की अर्धवट सोडलेलं काम मनातून जात नाही आणि पुढचं काम बिघडवतं.

संशोधक ग्लोरिया मार्क यांच्या २००८च्या प्रयोगात मात्र व्यत्यय आलेल्यांनी काम उलट लवकर संपवलं. त्यांनी वेग वाढवून भरपाई केली होती, आणि ताण व वैताग सोसला होता. म्हणूनच हे नुकसान टाइमशीटवर दिसत नाही. ते माणूस सोसतो.

एकाग्रता शिका, नोटिफिकेशन बंद करा, असे सल्ले डेव्हलपरला भरपूर मिळतात. ते ठीकच आहेत. पण किती प्रोग्राम आत घ्यायचे हे प्रोग्राम ठरवत नाही. टीम लीड आणि मॅनेजर मंडळींनो, नवं काम देताना हातातलं कोणतं थांबवायचं हेही त्याच वेळी सांगा.