काचेआडचे रथ

जी वस्तू चालण्यासाठी घडली, तिला उभी करून जपणे हा तिचा सन्मान, की तिचा शेवट? जपानातील ताकायामा या डोंगराळ नगरातील रथसंग्रहालयाविषयी विचार करताना हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करितो.

ताकायामा येथे वर्षातून दोन रथोत्सव होतात. १४ व १५ एप्रिलला हिए देवस्थानाचे बारा रथ, ९ व १० ऑक्टोबरला साकुरायामा हाचिमान देवस्थानाचे अकरा. लाकडावरील कोरीव काम, लाखेची झिलई, सोनेरी नक्षी आणि काही रथांवर कळसूत्री बाहुल्या असा त्यांचा थाट असतो. शरदातील अकरांपैकी चार रथ पाळीपाळीने देवस्थानाच्या आवारातील संग्रहालयात काचेआड उभे असतात. तेथे चाकांची करकर नाही, ओढणाऱ्यांचा घाम नाही. मग राहिले ते काय? केवळ लाकूड?

प्रथमदर्शनी आम्हांसही असेच वाटले. परंतु हे रथ संग्रहालयाच्या नव्हे, तर आळ्यांच्या मालकीचे आहेत. त्यांची डागडुजी व त्यांना ओढणे, ही दोन्ही कर्तव्ये आळीकरांचीच. प्रत्येक आळीत रथासाठी उंच कोठारही असते. आणि पाऊस आला तर उत्सवाच्या दिवशीही रथ बाहेर निघत नाही. म्हणजे जपणूक हे उत्सवाचेच एक अंग होय. काचेची भिंत ही त्या कोठाराचेच दुसरे दार.

क्योतोच्या गिओन उत्सवातील एक नौकाकृती रथ १८६४ च्या आगीत जळाला. वाचलेल्या मूर्ती व वस्त्रे आळीने सांभाळली. २०१४ साली तो रथ पुन्हा मिरवणुकीत आला. दीडशे वर्षांच्या या अवधीत किती सांभाळणारे रथ न पाहताच गेले असतील! त्यांचे जतन व्यर्थ होते, असे त्यांच्या हयातीत कोणी म्हटले असते, तर त्यास काय उत्तर देता आले असते? जतनाचा निवाडा एका पिढीच्या हाती नसतो, हेच खरे.

आम्ही कारकून माणसे. सांभाळणे हाच आमचा पेशा. आमच्या कपाटात कागद शिरला की जबाबदारी संपते. त्या आळ्यांत वस्तू कोठारात शिरली की जबाबदारी सुरू होते. परमुलखात आपली भाषा व आपले सण जपणाऱ्या आम्ही स्वतःस एवढेच विचारावे: हे जे आम्ही जपून ठेविले आहे, ते ओढावयास आमची मुले दोराला हात लावतील काय?