न पाहिलेल्या गावाचा शिल्पकार

गोव्याला गेलेला मराठी माणूस सकाळी मंगेशी-शांतादुर्गा करतो आणि जेवणाआधी जुने गोवे उरकतो. बॉम जीझसच्या चर्चमध्ये शिरल्यावर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘शव कुठंय?’ मग उजव्या अंगाच्या कपेलाशी, म्हणजे छोट्या प्रार्थनादालनाशी, माना वर होतात, मोबाइल उंचावतात, सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव ठेवलेल्या चांदीच्या पेटीचा फोटो निघतो आणि मंडळी बसकडे वळतात. दोन खेपा मीही असाच बाहेर पडलो. तिसऱ्या खेपेला गर्दीत अडकलो. पुढे सरकता येईना, म्हणून समोर होते ते पाहत राहिलो. पेटीच्या खाली, संगमरवरी चौथऱ्याच्या मधल्या टप्प्यात, ब्रॉन्झचे एक उठावशिल्प होते.

ते जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीचे. हा फ्लॉरेन्सचा माणूस, जन्म 1652चा. तिथल्या मेदिची घराण्याचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने रोममध्ये आपल्या होतकरू कलावंतांसाठी अकादमी काढली आणि फोज्जिनीला 1673 साली तिथे धाडले. एर्कोले फेर्राता हा शिल्पातला गुरू, चीरो फेर्री चित्रातला. तीन वर्षे गिरवून गडी परतला आणि पुढे दरबारी शिल्पकार झाला. फ्लॉरेन्सच्या कार्मिने चर्चमध्ये कोर्सिनी घराण्याच्या कपेलासाठी त्याने केलेली संगमरवरी उठावशिल्पे पाहिली, की रोममध्ये तो काय शिकला ते कळते. पुढची माणसे दगडातून जवळजवळ सुटून बाहेर येतात. मागची विरत विरत नुसत्या ओरखड्यांवर येतात. वीतभर जाडीत मैलभर अंतर. 1771च्या आगीत त्या चर्चचा बराच भाग गेला, हे कपेल वाचले.

गोव्याचे काम त्याच्याकडे आले ते एका उशीमुळे. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या डोक्याखालची उशी गोव्याहून कोझिमोला भेट गेली; देवभोळ्या ड्यूकने परतफेड म्हणून थेट समाधीचा चौथराच द्यायचे ठरवले. ड्यूकच्या कारखान्यात रंगीत दगडांची पच्चीकारी पिढ्यानपिढ्या चालत होती. फोज्जिनीने आराखडा केला, काम सुमारे दहा वर्षे चालले, आणि सगळे सुटे भाग पेट्यांत भरून समुद्रमार्गे रवाना झाले. बरोबर प्लाचिदो राम्पोनी नावाचा कारागीर होता. त्याने 1698 साली ते इथे जोडून उभे केले. फोज्जिनी स्वतः गोव्यात कधीच आला नाही.

मला खिळवून ठेवले ते याच गोष्टीने. फोज्जिनीची शैली बरोक, आणि बरोक ही बघणाऱ्याला धरून चालणारी कला. माणूस कुठे उभा राहील, खिडकीतून ऊन कुठून पडेल, मान किती वळेल याचा हिशेब आधी मांडायचा आणि मगच छिन्नी उचलायची. शिल्पकार बेर्निनीने रोममध्ये हेच केले. फोज्जिनीजवळ मात्र फार तर मापे होती. कपेलातला उजेड त्याच्या डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. अशा वेळी उठावशिल्पासारखा भरवशाचा सोबती नाही, असे मला वाटते. त्याचा अंधार त्याच्या खाचेतच असतो. कुठेही नेऊन बसवा, सावली सोबत येते.

चार बाजूंना चार प्रसंग आहेत : झेवियरचे प्रवचन, बाप्तिस्मा, एका बेटावर त्याच्यावर झालेला हल्ला, आणि 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळ सांचियान बेटावर आलेला मृत्यू. या प्रसंगांतली आग्नेय आशियातली माणसेही फोज्जिनीने पाहिलेली नव्हती. माझ्या डोळ्याला त्यांचे खांदे-दंड रोमच्या अकादमीत गिरवलेलेच दिसतात. पण ओतकाम अव्वल, आणि गर्दी रचण्याची हातोटी तर अशी, की आपण गर्दीत उभे आहोत हे विसरायला होते.

वरची चांदीची पेटी वेगळ्या हातची. ती 1636-37मध्ये गोव्यातल्याच चांदीकामगारांनी घडवली, म्हणजे फोज्जिनीच्या जन्माआधीच. तिच्यावर संताच्या आयुष्यातले 32 प्रसंग आहेत. खाली फ्लॉरेन्सचा भारदस्त दगड, वर गोव्याची नाजूक चांदी. दोन्हींची पट्टी जुळत नाही. अभिरुचीच्या काटेकोर लोकांना हे खटकते, मला नाही. मोत्यांच्या भाषेत बरोक म्हणजे वेडावाकडा मोती, आणि हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असे मानतात. मग हे वेडेवाकडेपण इथेच शोभते.

आपल्या इतिहासाचा धागाही याच शवपेटीपाशी येतो. 1683च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजा गोव्यातल्या जुवे बेटावर चढल्या, तेव्हा हबकलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने पेटी उघडवून आपला राजदंड संताच्या हाती ठेवला होता. मोगल कोकणात उतरल्याने मराठ्यांना मागे फिरावे लागले. पुढे पंधरा वर्षांनी राम्पोनीच्या पेट्या गोव्यात उतरल्या. जिंजी पडली तेही हेच 1698 साल.

फोज्जिनी 1725 साली वारला. पुढे 1737मध्ये फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये गॅलिलिओची समाधी उभी राहिली. चर्चने शिक्षा केलेल्या त्या म्हाताऱ्याचा तिथला अर्धपुतळा फोज्जिनीच्याच हातचा आहे.