संधी आणि पाचारण

मळमड्डी हा धारवाड स्टेशनाजवळचा भाग. शिक्षणासाठी धारवाडात येणाऱ्या तरुणांपुढे गाण्याची मैफल, नाटक, स्पर्धा-परीक्षेचा वर्ग अशी कितीतरी दारे उघडी असतात. मंडळीत मात्र आपण त्यांना एकच प्रश्न विचारतो : ‘नोकरीचे काय?’ कला ही जगिक गोष्ट आहे, असे तर आपण मानीत नाही ना?

निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात देवाने बसालेलाला आपल्या आत्म्याने भरले, ते उपदेशासाठी नव्हे. सोन्यारुप्याच्या व लाकडाच्या कसबी कामासाठी. पोटाचा उद्योग व कला यांत वैर नाही. याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी यांनी कॉलेजात इंग्रजी शिकविले आणि मराठी कथा लिहिल्या.

तरी प्रत्येक संधी पाचारण नव्हे. बसालेलाचे कसब निवासमंडपाच्या कामी आले. पुढच्याच अध्यायात लोकांच्या सोन्याचे वासरू झाले. म्हणून ‘मला काय मिळेल?’ याबरोबर ‘हे कोणाच्या सेवेस लागेल?’ असेही तरुणांनी विचारावे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ही सवय लहानपणीच लावावी. आणि नोकरी लागलेल्या मुलासाठी आपण उपकारस्तुती करतो, तशी गाणे शिकणाऱ्या मुलीसाठीही करावी. नाहीतर ती आपले गाणे मंदिराबाहेरच ठेवून येईल.